एक जड इंग्रजी शब्द

"ताई, एक शब्द पाहिजे होता," मी म्हणालो.

मंदाताई फळा पुसत होत्या. साक्षरतेचा वर्ग नुकताच सुटला होता, बाकीचे म्हातारे विद्यार्थी दाराशी आपापल्या चपला शोधत होते, आणि मी पाटी काखेत धरून मुद्दाम रेंगाळलो होतो.

"कुठला शब्द, नाना?"

"इंग्रजी."

त्यांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "नाना, तुमचा अजून 'ज्ञ' राहिलाय."

"राहू द्या. ज्ञवाचून माझी पन्नाशी उलटली, काही अडलं नाही. इंग्रजी शब्द मात्र सोमवारच्या आत पाहिजे. जड पाहिजे. हिलालच्या डोक्यात घातला की तो मटकन खाली बसला पाहिजे."

ताईंनी खालचा ओठ दातात धरला. त्या गावच्या सूनबाई, बी.ए. झालेल्या, त्यातून इंग्रजी घेऊन. म्हाताऱ्यांवर हसायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलेलं असावं, पण माझ्या बाबतीत त्यांना ते जड जाई.

माझं नाव धुडकू नांद्रे. आमच्याकडे धुडकं म्हणजे चिंधी. माझ्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईने मुद्दाम नजर लागू नये असं नाव ठेवलं. नाव इतकं लागू पडलं की तेव्हापासून कोणाचीच नजर माझ्यावर पडली नाही. आता ऐंशी ओलांडली तरी यमाचीसुद्धा नाही. साक्रीच्या बाजूला कासवाडे हे आमचं गाव. आमची बोली अहिराणी, पण ताईंनी मला अक्षरं शाळेच्या मराठीची शिकवली, तेव्हा लिहितो त्याच मराठीत.

हिलाल भामरे माझ्याच वयाचा. आम्ही दोघांनी आयुष्यभर एकच काम मन लावून केलं. तो काय करतो ते बघायचं आणि त्याच्यावर ताण करायची. त्याने विहीर खोदली, मी खोदली. त्याच्या विहिरीला पाणी लागलं, माझ्या विहिरीला खडक लागला, पण माझी जास्त खोल होती आणि हे मी गावभर सांगत असे. त्याने मिशा वाढवल्या, मीही वाढवल्या. त्याच्या मिशा फौजदारासारख्या दिसत. माझ्या मिशांकडे बघून आमची केवळ, म्हणजे माझी बायको, म्हणाली होती, "ओठावर खार बसलीय, हाकलू का?" हिलाल साक्षरतेच्या वर्गाला जायला लागला तेव्हा मी म्हणालो, हे म्हातारचळ आहेत. मग एक दिवस दूध डेअरीत त्याने माझ्यासमोर सही केली. अक्षरं पावसात भिजलेल्या कोंबड्यांसारखी होती, पण सही ती सही. माझा अंगठा शाईतच राहिला. दुसऱ्या संध्याकाळी मी वर्गात पहिल्या रांगेत बसलो होतो.

पण त्या वेळची, तीसेक वर्षांपूर्वीची, गोष्ट मिशांची नव्हती, पाण्याची होती.

आमच्या गावात फडाची पद्धत. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला एक पाट, आणि त्या एका पाटावर सगळ्या गावाची शेती. पाणी कोणी आपल्या हाताने घ्यायचं नाही. पाटकरी फावडं घेऊन येईल, तो देईल तेव्हा आणि तेवढंच. पाटकऱ्याला सांगणार फडप्रमुख. आमचे जुने प्रमुख थंडीत वारले, म्हणून ऐन माघात नवा निवडायला सभा बोलावली होती. आणि नेमकी त्याच साली नदी आटत चाललेली. वरच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याजवळच्या शेतांत, ऊस होता, कमरेएवढा वाढलेला, त्यात हिलालचा वाटा सगळ्यात मोठा. खालच्या फडात गहू होता, आणि माझं जे काही होतं ते सगळं त्या गव्हात होतं. गहू चिकावर आला होता. एक पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाहीतर नुसतं काड. बंधाऱ्यातलं पाणी दोन्हीला पुरणारं नव्हतं. सगळा ऊस जगवला तर गहू जाणार. गव्हाला पाणी दिलं तर अर्ध्या उसावर पाणी सोडायची वेळ येणार.

प्रमुखपदाला दोघे उभे होते. कोण, ते सांगायला नको.

आता इंग्रजी शब्दच का? तर मागच्या सभेत हिलालचा पुतण्या, धुळ्याला कॉलेजात शिकणारा, उठून म्हणाला होता, "मेजॉरिटीचा विचार करा." मेजॉरिटी म्हणजे काय, कोणाला ठाऊक नव्हतं. पण सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तो म्हणेल त्याला हात वर केले. तेव्हाच मी ओळखलं की आपल्याकडे या हत्याराची कमी आहे.

"हिलाल आप्पा तुमचे कोण लागतात, नाना?" ताईंनी विचारलं.

"कोणी नाही. म्हणूनच तर शब्द पाहिजे."

मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुचल्यासारखं उमटलं. "एक आहे. रायव्हल."

"रायव्हल." मी तोंडात फिरवून बघितला. वजन होतं. "म्हणजे वैरी?"

"अगदी वैरी नाही. प्रतिस्पर्धी. चढाओढ करणारा. पण नाना, या शब्दाची एक गोष्ट आहे. त्याचं मूळ फार गमतीचं आहे, आणि तुम्ही पाटावरची माणसं, तुम्हाला तर—"

"मूळ राहू द्या ताई. मुळं काय खायची आहेत? मला शेंगा पाहिजेत."

"बसा तरी, दोन मिनिटं."

पण मी उठलो होतो. विद्या घेताना माझी रीत बाजारातल्यासारखी. पाहिजे ते पिशवीत पडलं की पिशवी उचलायची.

पुढचे दिवस मी तो शब्द घोकला. नांगराच्या मागून घोकला, आंघोळीच्या दगडावर घोकला. बैलाच्या कानात म्हणून बघितला, बैलाने मान झटकली. मला वाटलं, लागू पडतोय. केवळ दारात कापूस निवडत होती, तिच्यासमोर छाती काढून म्हणालो, "रायव्हल!"

तिने हातातलं बोंड खाली ठेवलं. "मी काय केलं?"

"तुला नाही. हिलालला म्हणायचंय, सभेत."

"त्यापेक्षा त्याला सरळ सांगा ना, बाबा रे, गव्हाला एक पाणी दे."

"मागू? त्याच्याकडे?"

"गहू वाळल्यावर काय खाणार आहात? रायव्हल?"

बायकांना राजकारण कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हणालो. आता कोणाच्या मनात काय आलं ते लिहायला शिकलोय, म्हणून लिहून ठेवतो. मोठ्याने म्हणायची हिंमत तेव्हाही नव्हती.

सोमवारी सकाळी बंधाऱ्यावर सभा भरली. पाटाच्या तोंडाशी म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे, त्याच्यापुढे सगळे जमले. आमच्याकडे फडाच्या सभेची एक रीत आहे. बोलणं सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने पाटाच्या तोंडाशी वाकून एक ओंजळ पाणी प्यायचं. ज्याच्या तोंडात पाटाचं पाणी गेलं नाही, त्याने सभेत तोंड उघडायचं नाही. पाणी कमी झालेलं, त्यामुळे त्या दिवशी खूप खाली वाकावं लागलं. हिलाल आणि मी एकाच वेळी वाकलो. आधी कोण उठतो यावर दोघे अडून बसलो, आणि शेवटी बुधाबाबा पाटकरी मागून ओरडला, "उठा रे, म्हशी झालात का?"

आधी मी बोलायला उभा राहिलो. गव्हाबद्दल बोललो, तोंडाशी आलेला घास कसा जातोय ते सांगितलं. ते बरं झालं असावं, कारण खालच्या फडातल्या दोघा-तिघांनी डोळे पुसले. तिथेच थांबलो असतो तर निवडून आलो असतो, असं मला तेव्हा वाटलं. पण तो शब्द इतके दिवस कोंडून ठेवलेला, तो आत धडका देत होता.

"आणि हा हिलाल भामरे!" मी बोट रोखलं. "हा माझा रायव्हल आहे!"

सगळं गार. शेळीसुद्धा ओरडली नाही. हिलालचा पुतण्या भुवया वर करून माझ्याकडे बघायला लागला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"म्हंजे काय भो?" बुधाबाबाने विचारलं.

"म्हणजे वैरी! ज्याचं आपल्याशी जमत नाही, ज्याला पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, तो रायव्हल! इंग्रजीत तसं लिहिलेलंच आहे."

मी खाली बसलो. माणसं एकमेकांत कुजबुजत होती. आता वरच्या फडाचं पाणी तुटलंच असं मला वाटलं.

हिलाल उठला. मिशांवरून हात फिरवला. माझ्या डोळ्यांपुढे आजही तो तसाच उभा आहे, धोतराचा सोगा हातात धरलेला, चेहऱ्यावर चिडल्याची खूणही नाही.

"नाना बरोबर बोलला," तो म्हणाला. "मी त्याचा रायव्हल. आणि तो माझा. पण शब्द आणताना घाईत त्याच्याकडून थोडा सांडला, तेवढा मी भरून देतो."

लोक पुढे सरकले.

"हा शब्द जिथला, ते रोम नावाचं गाव. समुद्राच्या पार पलीकडे. तिथं दोन हजार वर्षांपूर्वीही पाट होते आणि पाटावर शेती होती. एकाच ओढ्याचं पाणी ज्यांच्या ज्यांच्या शेतात जायचं, त्या शेजाऱ्यांना तिथली माणसं काय म्हणायची? रायव्हल म्हणायची. एका पाण्यावर जगणारे."

मग बुधाबाबाने फावडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "म्हंजे इथं बसलेले आपण सगळेच ते?"

"सगळेच."

"मी पण?"

"तू तर पहिला. पाणी तूच सोडतोस."

"आणि माझ्या बायकोच्या माहेरचे?"

"त्यांचा नाला वेगळा."

"मग बरंय," बुधाबाबा म्हणाला, आणि सभा अशी हसली की बंधाऱ्यावरचे बगळे उडाले. हसणं थांबल्यावर एकेकाला आठवलं असावं की आत्ताच आपण वाकून वाकून एकाच पाटाचं पाणी प्यायलो. कोणीतरी मागून म्हणालं, "आपल्याच गावाचा शब्द दिसतोय भो, इंग्रजांनी पळवला असंल." जे मूळ मी ताईंच्या टेबलावर टाकून आलो होतो, ते हिलालने उचलून आणलं होतं. मी वर्गातून बाहेर पडताना त्याने मला बघितलं होतं, हे मला नंतर कळलं. "धुडकू जे घेऊन गेला तेच मला द्या," असं म्हणत तो दुसऱ्या दिवशी ताईंकडे गेला होता. तो निदान बसला तरी.

हात वर करायची वेळ आली. हिलालच्या नावाला सगळे हात वर गेले. वरच्या फडातले, खालच्या फडातले. माझाही गेला. का गेला, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहुतेक हिलालने स्वतःचा वर केला, तो बघून गेला असावा. आयुष्यभराची सवय.

"आप्पा," बुधाबाबा लगेच म्हणाला, "आता पाणी कुठं वळवू, सांगा."

हिलालने वरच्या फडाकडे बघितलं. त्याचा हिरवागार ऊस वाऱ्यावर सळसळत होता.

"आधी खाली," तो म्हणाला. "गव्हाला. मग राहील ते वर."

"काका!" पुतण्या उठून उभा राहिला. "अर्धा ऊस जाईल!"

"जाईल. आत्ता मी काय सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलंय. बस खाली."

घरी येताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. प्रमुखपद गेलं होतं, पण गहू वाचला होता, आणि हिलाल आपल्याच शब्दात अडकला होता. केवळला मी पुन्हा पुन्हा सांगितलं. "शहाणपणा करायला गेला! मोठा गोष्ट सांगायला गेला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आता त्याला नाही म्हणता येईना!"

"मग गहू कोणी भिजवला?" केवळने विचारलं.

"माझ्या शब्दाने!"

ती भाकरी थापत राहिली. तिच्या थापण्याचा आवाज मात्र जरा मोठा झाला.

तीन-चार दिवसांनी खालच्या फडात पाणी पोचलं. मी बांधावर उभा राहून बघितलं, गव्हाच्या मुळांशी माती काळी होत चालली होती. त्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर मी पुन्हा रेंगाळलो.

"या नाना. आज काय, फ्रेंच?"

"नाही. ते मूळ द्या."

"तुम्हाला तर शेंगा हव्या होत्या."

"शेंगा आल्या. आता मूळही घेतो. हिलालने सांगितलं ते ऐकलंय, एका ओढ्यावरचे शेजारी. पण मग त्याचा वैरी कसा झाला, ते काही जुळत नाही. हिलालने मनाचं काहीतरी घातलं असेल."

ताई खुर्चीत बसल्या. "मनाचं काही नाही. आधी तो शब्द शेजाऱ्याचाच होता. पण एका ओढ्यावरची माणसं, नाना. पाणी कमी झालं की आधी कोणी घ्यायचं, यावरून भांडणं. वरचा खालच्याचं तोडतो, खालचा वरच्याचं फोडतो. इतकी भांडणं झाली की रायव्हल म्हटलं की लोकांना शेजारी आठवेनासा झाला, भांडणाराच आठवायला लागला. शब्द तोच, माणसंही तीच."

"असं व्हायला किती वर्षं लागली?"

"शेकडो लागली असतील."

"आम्हाला एवढी लागली नाहीत," मी म्हणालो.

त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळेपणी हसल्या. मग म्हणाल्या, "हिलाल आप्पाही असंच काहीतरी म्हणाले."

माझं पाटी उचलणं अर्ध्यावर थांबलं. "हिलालला हे ठाऊक होतं? हे भांडणाचं?"

"सगळं सांगितलं होतं की. ते तासभर बसले होते. मी म्हटलं, आप्पा, सभेत हे सांगितलंत तर नानांचाच मुद्दा होईल, ते म्हणतील शब्दाचा अर्थच भांडण आहे, आणि मग ज्याच्या पाठीशी जास्त हात त्याचं पाणी. ते म्हणाले, वरच्या फडाचे हात जास्त आहेत ताई, मला मोजता येतात. मग उठताना म्हणाले, अर्धीच गोष्ट सांगतो."

मी पाटीसकट बाकावर बसलो. माझ्यासारखा माणूस आपणहून बसलेला बघून ताईंना काळजी वाटली असावी, कारण त्यांनी मला पाणी आणून दिलं.

म्हणजे गोष्ट अशी होती. पुरी सांगितली असती तर सभा भांडली असती, वरच्या फडाने हात वर केले असते, हिलाल निवडून आला असता आणि त्याचा सगळा ऊस जगला असता. काही न बोलतासुद्धा निवडून आला असता. त्याला गोष्ट सांगायची गरजच नव्हती. आणि मी घरी जाऊन नाचलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या फडात गेलो. हिलाल एकटाच होता. पाणी न मिळालेल्या भागातला ऊस पिवळा पडायला लागला होता, तो गुरांना तरी होईल म्हणून तो कापत होता. कोवळी कांडं, वीतभराची पेरंसुद्धा नाहीत. कापलेल्या पेंढ्या बांधावर रचलेल्या होत्या. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तो उठला नाही, विळा चालवतच राहिला.

"कसाले उना?" त्याने विचारलं. कशाला आलास.

मी केवळकडून मागून आणलेला विळा कमरेचा काढला. सांगायला पुष्कळ शब्द जमवून आणले होते, ते राहू दिले. मी त्याच्या शेजारची ओळ धरली आणि वाकलो.

"तू एकटाच पुढं जाशील म्हणून," मी म्हणालो.

त्याने मिशांतल्या मिशांत काहीतरी म्हटलं आणि विळा जोरात चालवायला लागला. मीही चालवला. उन्हं डोक्यावर येईपर्यंत आम्ही त्यातला बराच ऊस आडवा केला. शेवटच्या ओळीला तो माझ्या दोन पेंढ्या पुढे होता, आणि अजूनही मी सांगतो, त्याचा विळा माझ्या विळ्यापेक्षा लांब होता.